मी घराबाहेर आलेय, बायांनो

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या घरात ओसरी आणि माजघराच्या मधे एक दार होतं आणि माझी आजी आयुष्यभर त्या दाराआडून बोलली. म्हणजे तलाठी आला, पाव्हणे आले, कुळाचा माणूस आला की आजोबा ओसरीवर सुपारी कातरत बसलेले असायचे, आतून आधी बांगड्यांचा आवाज यायचा आणि मग एक वाक्य. "त्यांना म्हणावं चहा घेऊन जा." "त्यांना म्हणावं मागच्या सालची दोन पोती अजून यायचीत." पाव्हणा दोन हातांवर बसलाय, त्याला सगळं ऐकू येतंय, तरी आपलं "त्यांना म्हणावं". आणि आजोबा खरंच ते वाक्य परत म्हणायचे, जसं काही मधे भिंतच आहे. मला लहानपणी हा खेळ वाटायचा.

हे दार परत आठवलं ते गेल्या पावसाळ्यात, पाय मोडून सहा आठवडे घरात पडून होते तेव्हा. करायला काही नाही, मोबाईल बघून बघून डोळे चुरचुरायला लागले, म्हणून ग्रीक नाटकं काढली. एम.ए.ला असताना ती "केली" होती, केली म्हणजे गाईडमधून, नायकाचा दोष, नियती, विरेचन, पंधरा-पंधरा मार्कांची उत्तरं, आदल्या रात्री घोकायची आणि हॉलच्या बाहेर पडल्या पडल्या विसरायची. ग्रीक मला येत नाही त्यामुळे याही वेळी इंग्रजी भाषांतरंच, पण निदान तीन वेगवेगळी शेजारी ठेवून, आणि मुख्य म्हणजे डोक्यावर परीक्षा नाही. युरिपिडीजचं मिडिया उघडलं. पहिल्या दोनशे ओळी मिडिया दिसतच नाही. नुसती आतून आक्रोश करते, मरणाच्या गोष्टी करते, बाहेर दाई आणि पोरांना सांभाळणारा म्हातारा घाबरून बोलतायत, शेजारच्या बायका जमल्यायत. आणि मग ती बाहेर येते आणि एकदम शांत आवाजात म्हणते, कोरिंथच्या बायांनो, मी घराबाहेर आलेय, उगाच तुम्ही मला नावं ठेवायला नकोत.

थांबलेच मी तिथे. नवऱ्यानं दुसरी केलीय, ज्याच्यासाठी बाप सोडला, भाऊ मारला, तो माणूस राजाचा जावई होऊन बसलाय, आणि बाईचं पहिलं वाक्य काय, तर आपण दाराबाहेर का आलो याचा खुलासा. विशीत मी हे वाक्य वाचलं असणारच, वाचलं आणि पुढे गेले असणार, कारण गाईडमध्ये ते नव्हतं. यावेळी मात्र ते असं अडकलं की मग प्रत्येक नाटकात मला दारच दिसायला लागलं. कोण आत आहे, कोण बाहेर येतंय, कोणाला आत ढकलतायत.

आता ज्या शहरात हे नाटक झालं त्या अथेन्समध्ये या दाराला काय वजन होतं ते बघा. सॉक्रेटिसचा शिष्य झेनोफन, त्याच्या एका संवादात इस्कोमाकस नावाचा खाऊनपिऊन सुखी गृहस्थ सॉक्रेटिसला सांगतो की देवानं बाईची घडण आतल्या कामासाठी केलीय आणि पुरुषाची बाहेरच्या. लग्न झालं तेव्हा त्याची बायको पंधरा वर्षांचीही नव्हती, आणि तोवर तिला कमीत कमी बघायला, ऐकायला, विचारायला मिळेल अशी नीट काळजी घेतलेली होती, हे तो कौतुकानं सांगतो. मिडिया रंगमंचावर आलं इ.स.पू. ४३१ च्या वसंतात. त्याच वर्षी स्पार्टाशी युद्ध पेटलं, आणि तो हिवाळा आला तेव्हा अथेन्सचा पुढारी पेरिक्लीज युद्धात पडलेल्यांवर भाषण करताना त्यांच्या विधवांना म्हणाला (इतिहासकार थ्युसिडिडीजनं लिहून ठेवलंय) की जिच्याबद्दल पुरुषांमध्ये चांगलं किंवा वाईट कमीत कमी बोललं जातं तिची कीर्ती सगळ्यात मोठी. नुकताच नवरा गेलेल्या बाईला सांत्वन म्हणून हे! अर्थात हा सगळा पोटभर जेवणाऱ्यांच्या घरचा नियम. गरिबाची बायको पाण्याला जात होती, बाजारात पाव, हार, भाजी विकत होती. युरिपिडीजची आई भाजीवाली होती असा टोमणा प्रहसनं लिहिणारा ॲरिस्टोफनीस त्याला आयुष्यभर मारत राहिला, म्हणजे बाजारात बसणारी आई ही शिवी देण्यालायक गोष्ट होती एवढं तरी कळतं. आणि गुलाम बायांच्या अब्रूचा तर प्रश्नच कुठे येत होता.

देवाच्या नावानं मात्र दार उघडायचं. थेस्मोफोरिया नावाचा तीन दिवसांचा सण फक्त बायकांचा, पुरुषांना तिथे मज्जाव. अथेनाच्या महावस्त्राचं विणकाम मुली-बायका करायच्या आणि ते मिरवणुकीनं देवीला जायचं. मला यात काही नवल वाटलं नाही, आमच्या आजीलाही हळदीकुंकू आणि देवीची जत्रा या दोनच गोष्टींसाठी कोणी कारण विचारायचं नाही.

तर अशा गावात वसंतातल्या डायोनायससच्या उत्सवात ॲक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावर हजारो माणसं लाकडी बाकांवर बसायची (दगडी पायऱ्या, ज्या आज पर्यटक बघतात, त्या पुढच्या शतकातल्या). नाटकांआधी मांडलिक नगरांकडून आलेल्या खंडणीची चांदी सगळ्यांसमोर मांडली जायची, युद्धात बाप गेलेली आणि राज्यानं वाढवलेली पोरं चिलखत घालून संचलन करायची. मग नाटक. लिहिणारा पुरुष, कोरसचा खर्च करणारा श्रीमंत पुरुष, मुखवटे घालून सगळ्या भूमिका करणारे तीन नट पुरुष, नाचणारा-गाणारा कोरस पुरुष, निकाल देणारे दहा परीक्षक पुरुष. प्रेक्षकांत बायका बसायच्या की नाही यावर अभ्यासक अजून भांडतायत. आणि या सगळ्या पुरुषांनी मिळून काय दाखवलं? ज्या शोकांतिका आपल्यापर्यंत पोचल्यायत, तीसेक आहेत, त्यातल्या फक्त एकीत, सोफोक्लीजच्या फिलॉक्टेटीसमध्ये, एकही स्त्रीपात्र नाही. बाकी सगळीकडे बायका. बोलतायत, वाद घालतायत, मारतायत, मरतायत. जिच्याबद्दल बोललं जाऊ नये अशी शहराची इच्छा, तिच्याबद्दल वर्षातून एकदा सरकारी खर्चानं पहाटेपासून बोलायचं.

आपल्याला यातलं निम्मं ओळखीचं आहे. बालगंधर्व नऊवारी कशी नेसतात ते बघून घरोघरच्या बायका नेसायच्या असं आमच्याकडे सगळ्यांनीच ऐकलंय, म्हणजे बाई कशी दिसावी हे बाईला पुरुषानं नेसून दाखवायचं. पण बालगंधर्वांची बाई सगळ्यांना घरी हवीशी वाटायची. युरिपिडीजच्या बायका बघून बहुतेक प्रेक्षक घरी जाऊन कडी नीट लागतेय ना ते बघत असतील. (हा माझा विनोद नाही, ॲरिस्टोफनीसचाच आहे थोडाफार, त्याच्या एका प्रहसनात बायका तक्रार करतात की युरिपिडीजची नाटकं बघून आल्यापासून नवरे आमच्यावर संशय घेतात, कोठाराच्या किल्ल्या स्वतःकडे ठेवतात.)

रंगमंचावर नट वावरायचे त्या जागेच्या मागे एक लाकडी खोपटं असायचं, त्याला म्हणायचे स्कीनी, म्हणजे तंबू किंवा झोपडी. आपण ज्याला येता जाता "सीन" म्हणतो तो शब्द या झोपडीतून आलाय. आत नट मुखवटे बदलायचे, आणि मधे एक दार. जुन्या नाटकांना या घराची गरज नव्हती, युरिपिडीजच्या आधीच्या एस्किलसच्या पर्शियन्स या नाटकात ते नसलं तरी चालतं. आपल्याकडे उरलेल्या नाटकांपैकी ज्याला हे दार पक्कं लागतंच असं पहिलं नाटक म्हणजे त्याचंच ॲगमेम्नॉन, इ.स.पू. ४५८. आणि या पहिल्या दारात उभी कोण आहे? ॲगमेम्नॉन राजाची बायको, क्लायटेमनेस्ट्रा.

आता हा प्रसंग मला तुम्हाला सावकाश सांगायचाय कारण माझ्या मते याच्या तोडीचं दार अजून कोणी बांधलेलं नाही. दहा वर्षांनी ट्रॉय जिंकून नवरा परत आलाय. जाताना जहाजांना वारा मिळावा म्हणून यानंच स्वतःच्या पोरीचा, इफिजेनियाचा, बळी दिलेला. दाराशी बायको. ती त्याला लगेच आत जाऊ देत नाही, सगळ्या गावासमोर लांबलचक बोलते, नवऱ्यावर माझं किती प्रेम आहे हे सांगायला मला लाज वाटत नाही वगैरे, आणि तो यावर म्हणतो की तुझं भाषण माझ्या गैरहजेरीसारखंच झालं, लांब. (सगळे नवरे.) मग ती दासींना सांगते, रथापासून दारापर्यंत जांभळ्या रंगाची भारी वस्त्रं अंथरा. असल्या वस्त्रांवरून देवानं चालावं, माणसानं नाही, हे त्याला कळतं, तो नको नको म्हणतो, ती दोन-चार वाक्यांत त्याला गुंडाळते, तो वहाणा काढतो आणि त्या लाल-जांभळ्या पट्ट्यावरून चालत घरात जातो. बायकांनी विणलेल्या कापडावरून. आत न्हाणीघरात तिनं अजून एक वस्त्र तयार ठेवलंय, बाहीला तोंड नसलेलं, जाळ्यासारखं.

मागे रथात कसांड्रा राहते, ट्रॉयची राजकन्या, आता याची गुलाम. क्लायटेमनेस्ट्रा परत दारात येते, चल आत, म्हणते. ती हलत नाही, बोलत नाही. राजाला दोन मिनिटांत गुंडाळणारी बाई हिच्यापुढे हरते, मला दाराशी वेळ घालवायला सवड नाही म्हणून वैतागून निघून जाते. आणि मग कसांड्राला कंठ फुटतो. तिला भिंतीतून दिसतंय, या घरात पूर्वी मारलेली पोरं दिसतायत, आत्ता चाललेला खून दिसतोय. अपोलो देवानं तिला भविष्य दिलं आणि त्याला नकार दिला म्हणून तिच्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही असा शापही दिला. दारापर्यंत जाऊन ती मागे फिरते, रक्ताचा वास येतोय म्हणते, थडग्यातून येतो तसा. आणि तरीही शेवटी स्वतःच्या पायांनी आत जाते. अख्ख्या नाटकात हे एकच माणूस, जे आत काय आहे हे पुरतं ठाऊक असूनही दार ओलांडतं.

मग आतून ओरडण्याचा आवाज येतो आणि बाहेर बारा म्हाताऱ्यांचा कोरस काय करतो, तर एकेक जण आपलं मत मांडतो. एक म्हणतो गावाला बोलवू. दुसरा म्हणतो आत्ताच आत घुसू. तिसरा म्हणतो आधी खरंच मेला का ते बघायला पाहिजे. आमच्या सोसायटीच्या मीटिंगची आठवण येऊन मी प्लास्टरमधला पाय हलवून हसले आणि दुखलं. तोवर दार उघडतं, चाकांच्या पाटावरून दोन प्रेतं बाहेर सरकतात आणि त्यांच्यावर ती उभी. म्हणते, त्याच्या रक्ताचे शिंतोडे अंगावर उडाले तेव्हा पावसाचं पाणी पडल्यावर पोटऱ्यातलं पीक सुखावतं ना, तशी मी सुखावले. बाहेर धो धो पाऊस चालू होता हे वाचताना. मला ती ओळ अजून धुवून काढता आलेली नाही.

पण एस्किलसचं मोठं काम पुढे आहे आणि तिथे माझं त्याच्याशी भांडण आहे. ॲगमेम्नॉन हे तीन नाटकांच्या मालिकेतलं पहिलं, तिसऱ्यात आईला, म्हणजे क्लायटेमनेस्ट्राला, मारणाऱ्या ओरेस्टीसवर अथेन्समध्ये खटला चालतो. त्याच्या मागे लागलेल्या एरिनीज, सूडाच्या जुन्या देवता, विचारतात की आईचं रक्त सांडलं त्याचं काय? अपोलो वकील. तो म्हणतो की आई ही मुलाची जन्मदाती नव्हेच, ती फक्त पेरलेल्या बीजाची सांभाळकर्ती, जन्म देतो तो पेरणारा. पुरावा? ही काय अथेना समोर बसलीय, आईशिवाय जन्मली, थेट बापाच्या डोक्यातून. अथेन्समध्ये मुलीचा बाप जावयाला "औरस संततीच्या नांगरणीसाठी ही तुला देतो" अशा शब्दांत मुलगी द्यायचा, आणि आपल्या मनुस्मृतीतही बाई म्हणजे शेत आणि पुरुष म्हणजे बी. शेतकऱ्यांच्या जगात ही उपमा सुचायला एकमेकांची कॉपी करावी लागत नाही. मतं समसमान पडतात, अथेना आपलं मत ओरेस्टीसला देते, म्हणते मला आई नाही, मी सगळ्या बाबतीत पुरुषाच्या बाजूची, फक्त लग्न सोडून. सुटला पोरगा. आणि त्या संतापलेल्या म्हाताऱ्या देवतांना अथेना समजावते, मान देते, लग्नाला आणि बाळंतपणाला तुमची पूजा होईल म्हणते, आणि मशाली पेटवून वाजतगाजत त्यांना नेऊन ठेवते कुठे? जमिनीखालच्या घरात. त्याला कायद्याच्या राज्याचा जन्म म्हणतात, आणि ते खरंही आहे, सूडावर सूड थांबायला कोर्ट हवंच. मला आपलं तेवढं तळघर खटकतं.

सोफोक्लीजची अँटिगनी तर नाटकाच्या पहिल्याच ओळीपासून बाहेर आहे. बहिणीला, इस्मिनीला, तिनं मुद्दाम अंगणाच्या फाटकाबाहेर बोलावलंय, घरात भिंतींना कान म्हणून. एक भाऊ गावासाठी लढून मेला त्याचे सोहळे, दुसरा गावावर चालून आला म्हणून राजा क्रेऑनचा हुकूम, त्याला पुरायचं नाही, कुत्र्यागिधाडांना टाका. ती जाते आणि मूठभर माती घालते. पकडल्यावर क्रेऑनचं वाक्य काय आहे माहितीये, यांना आत न्या, आता यांनी बायकांसारखं राहायला पाहिजे, मोकाट फिरायचं नाही. राज्यद्रोहाचा आरोप आहे आणि शिक्षा सुरू होते ती "आत न्या" पासून. पुढे तर तिला जिवंतच खडकातल्या खोलीत कोंडतात, आणि जाताना ती त्या जागेला हाक मारते, थडग्या, शेजघरा, खोदलेल्या घरा. लग्न ठरलेल्या पोरीला अखेर घर मिळालं ते असं.

तिथेच ती एक विचित्र गोष्ट बोलते. म्हणते नवऱ्यासाठी किंवा मुलासाठी मी हे केलं नसतं. नवरा दुसरा मिळाला असता, मूल दुसरं झालं असतं, पण आईबाप पाताळात गेल्यावर भाऊ कुठून आणू? जर्मन कवी गटेला ही ओळ इतकी खुपली की कोणीतरी ती नंतर घुसडलीय असं सिद्ध करावं अशी त्यानं इच्छा केली. पण हेच्या हेच उत्तर ग्रीक इतिहासकार हिरोडोटसच्या पुस्तकात एक पर्शियन बाई राजाला देते आणि आपल्याकडे पाली जातकातही आहे. राजा विचारतो, नवरा, मुलगा, भाऊ, तिघांतला कोणाला सोडू, आणि बाई म्हणते भावाला, पोर तर माझ्या ओटीतच आहे, नवरा रस्त्यावर भेटेल, भाऊ कुठून आणणार. ग्रीसपासून गंगेपर्यंत ही एकच बाई फिरतेय. मला भाऊ आहे, त्यामुळे मला या हिशोबाचा फार विचार करायचा नाहीये.

सोफोक्लीजच्या नाटकांत बायका गुपचूप आत जातात तेव्हा समजायचं की संपलं. क्रेऑनची बायको युरिडिसी देवीला जायला म्हणून कडी काढते, तेवढ्यात पोराच्या मरणाची बातमी कानावर पडते. दारात येऊन जेमतेम नऊ ओळी बोलते, सगळं ऐकते, आणि एक शब्द न काढता आत वळते. इडिपसची आई आणि बायको जोकास्टा आत जाते. हेराक्लीजची बायको डिआनिराही तशीच, न बोलता. बाहेरचे कुजबुजतात की ही गप्प का गेली. पुढची खबर दूत नाहीतर दाई सांगते. बाई मरायची आतच.

म्हणून मिडिया. तिनं बाहेर येऊन जे भाषण केलं त्यात ती म्हणते की जीव आणि बुद्धी असलेल्या सगळ्यांत आम्ही बायका सगळ्यात दुर्दैवी, आधी ढीगभर पैसे मोजून नवरा विकत घ्यायचा आणि मग तोच आपल्या शरीराचा मालक. हुंडा या शब्दावर आपल्याला तळटीप लागत नाही. तो घरात कंटाळला की बाहेर जाऊन मन रमवेल, आम्ही एकाच जिवाकडे बघत बसायचं. म्हणतात आम्ही घरात सुरक्षित, लढाई ते लढतात. एकदा बाळंत होण्यापेक्षा मी तीनदा ढाल घेऊन उभी राहीन! आणि ही बाई कोण आहे? काळ्या समुद्राच्या पार टोकाच्या कोल्किसची, आजच्या जॉर्जियाकडची परकी बाई. तिला कोणी हुंडा देऊन उजवलेलं नाही, तिनं नवऱ्याशी, जेसनशी, हातात हात घेऊन शपथा घेतल्या होत्या. अथेन्समध्ये इ.स.पू. ४५१ पासून पेरिक्लीजचा कायदा होता की आईबाप दोघं अथेनियन असतील तरच मूल नागरिक. परक्या बाईची पोरं म्हणजे काय हे बाकांवर बसलेल्या प्रत्येकाला माहिती होतं. अथेन्सच्या घरातल्या बाईचं दुःख बोलायला युरिपिडीजला अथेन्सबाहेरची, जवळजवळ जादूगारीण बाई लागली. शिवाय हे भाषण करताना ती त्या बायकांना आपल्या बाजूला वळवतेय, त्यांच्याकडून तिला गप्प राहण्याचं वचन हवंय. खरं बोलतेय आणि वापरूनही घेतेय, दोन्ही.

आणि तो कोरस गातो की आता पवित्र नद्या उलट्या वाहतायत, अपोलोनं आम्हाला वीणा दिली नाही, नाहीतर पुरुषांच्या जातीला आम्ही उलट गाणं ऐकवलं असतं. हे गातायत पंधरा पुरुष, बायांचे मुखवटे लावून. इ.स.पू. पाचव्या शतकातल्या अथेन्सच्या एकाही नागरिक बाईनं लिहिलेलं एक कवन आपल्या हातात नाही. आपल्याकडे निदान जनाबाई आहे, पदर खांद्यावर आला तरी भर बाजारात जाईन म्हणणारी, स्वतःच्या तोंडानं म्हणणारी. तिथे आहेत ते मुखवटेच. मग मी काय करू, फेकून देऊ? मला वाटतं त्या ओळीत युरिपिडीजला स्वतःच्या धंद्यातली चोरी दिसलेली आहे, आणि ती त्यानं लपवली नाही.

पुढचं माहितीये तुम्हाला. ती पोरांना मारते. आतून पोरांचे आवाज येतात, बाहेरच्या बाया म्हणतात आत जायचं का, आणि जात नाहीत. विशीत मी यावर "प्रतिशोध" असा मथळा देऊन परिच्छेद लिहिला होता. आता दोन लेकरं वाढवल्यावर तो भाग मी एका भाषांतरात वाचला आणि बाकीची दोन उघडली नाहीत. जेसन धावत येतो, दारावर धडका मारतो, कड्या काढा म्हणतो, आणि सगळे प्रेक्षक दाराकडे बघतायत, आत्ता उघडणार, आत्ता तो चाकांचा पाट बाहेर येणार, प्रेतं दिसणार, नेहमीसारखं. दार उघडत नाही. ती वर दिसते. छतावर, सूर्यदेवानं, तिच्या आजोबानं दिलेल्या रथात, पोरांची प्रेतं घेऊन. शेवटी देव अवतरतात ती जागा. जेसन खाली, उंबऱ्याशी, एकदा पोरांना हात लावू दे म्हणून रडतोय. दाराबाहेर का आले याचा खुलासा देत आलेली बाई जाताना दार वापरतच नाही. ॲरिस्टॉटलनं या रथावर टीका केलीय, नाटकाची उकल कथेतूनच व्हावी, यंत्रातून नाही. बरोबर असेल त्याचं. पण घरातून बाहेर पडायला बाईला यंत्रच लागलं, याला कथेतून दुसरा रस्ता होता का? त्या वर्षी या नाटकाला तीनपैकी तिसरा नंबर मिळाला.

आणि देव? देव कोणाच्या बाजूचे हे विचारून उपयोग नाही. सूर्य रथ देतो, पोरांचं काय झालं ते विचारत नाही. युरिपिडीजच्याच हिपोलिटसमध्ये प्रेमाची देवी ॲफ्रोडाइटी सुरुवातीलाच सांगून टाकते की फिड्राची काही चूक नाही, पण मला तिच्या सावत्र पोराला, हिपोलिटसला, धडा शिकवायचाय, त्यात ती मरेल, मरू दे. आणि ज्या पोरानं आयुष्यभर आर्टेमिसची भक्ती केली तो शेवटचे श्वास घेत असताना ती देवी म्हणते, निघते मी, मरण बघणं आम्हाला चालत नाही. विठोबा जनीबरोबर दळायला बसतो हे ऐकत वाढलेल्या माणसाला हे वाचून हुडहुडी भरते.

तरी सगळ्यात जास्त मी घोटाळले ती अँड्रोमकीपाशी. युरिपिडीजचंच ट्रोजन विमेन, इ.स.पू. ४१५. आदल्याच हिवाळ्यात अथेन्सनं मेलॉस बेटावरचे पुरुष मारून बायकापोरं गुलाम केलेली. या नाटकात दारच नाही, घरंच उरली नाहीत, तंबूंपुढे बायका बसल्यायत आणि कोण कोणाच्या वाट्याला हे कळायची वाट बघतायत. हेक्टरची विधवा अँड्रोमकी म्हणते, बाई म्हणून जे जे चांगलं सांगतात ते सगळं मी केलं. बाहेर गेलं की नावं ठेवतात म्हणून घराबाहेर जायची इच्छासुद्धा मारली. बायकांच्या शहाण्या गप्पा घरात येऊ दिल्या नाहीत. नवऱ्यापुढे जीभ गप्प, डोळे शांत. आणि या चांगुलपणाची कीर्ती ग्रीकांच्या छावणीपर्यंत पोचली, म्हणूनच अकिलीजच्या पोरानं मला मागून घेतलं. नवऱ्याला मारणाऱ्याच्या घरात आता मी दासी. थोड्या वेळानं तिचं तान्हं पोर तटावरून खाली टाकायला घेऊन जातात.

चार वर्षांनी ॲरिस्टोफनीसनं लिसिस्ट्राटा या प्रहसनात, युद्ध थांबवा म्हणून, बायकांना ॲक्रोपोलिसचे दरवाजे आतून लावून घ्यायला लावले आणि पुरुषांना बाहेर ठेवलं. सगळे हसले. तह काही झाला नाही.

आजोबा गेले तेव्हा मी नऊ वर्षांची. तेराव्यानंतर धाकटे चुलत आजोबा ओसरीवर येऊन बाबांशी विहिरीच्या पाळीचं बोलायला लागले, आता तुम्ही शहरात, तुम्हाला कशाला चार दिवस पाणी, दोन पुरे. बाबा मान खाली घालून गप्प. आतून बांगड्यांचा आवाज यायचा नव्हताच आता. आजी बाहेर आली, खांबाला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "भावजी, पाळी चार दिवसांची आहे. कागद माझ्याकडे आहे." एवढंच. "त्यांना म्हणावं" नाही. पाळी चारच दिवसांची राहिली. पण चाळीस वर्षं जिचा आवाज ओसरीला माहीत नाही म्हणून गावात जिचं नाव घ्यायचे, तिला त्या दिवसापासून तोंडाळ म्हणायला लागले आणि मरेपर्यंत म्हणाले.

प्लास्टर निघायच्या आदल्या आठवड्यात आई राहायला आली होती. मेथी निवडत बसलो होतो आणि मी तिला मिडियाची गोष्ट सांगितली, अगदी रथापर्यंत. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पोरांना कशाला गं..." आणि तेवढ्यावर थांबली. जुडी संपली, दुसरी घेतली.

"आणि तो नवरा? त्याला काही झालं की नाही?"

मी म्हटलं, मिडिया जाताना सांगते की तो वाईट मरणार, त्याच्याच जुन्या जहाजाचं, आर्गोचं, मोडकं लाकूड डोक्यात पडून.

"म्हातारपणी? एकटा असताना?"

तसं लिहिलेलं नाही, पण मी हो म्हटलं.

"मग ठीकय," आई म्हणाली आणि काड्या पेपरात गुंडाळायला लागली.